कंपोनंटची उंची-रुंदी मोजायची कधी आणि ठेवायची कुठे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रिॲक्ट ही वेब पानं कंपोनंट नावाच्या तुकड्यांतून बांधायची जावास्क्रिप्ट लायब्ररी. तिच्यावर काम करायला लागून काही महिने झाले की हा विषय हमखास समोर येतो. टूलटिप (बटणाजवळ उमटणारी छोटी सूचना) पडद्याबाहेर जाते, चार्टला रुंदी कळत नाही, ‘पुढे वाचा’ नको तिथे दिसतं. टीममध्ये नव्याने येणाऱ्यांनी मला विचारलेले प्रश्न आणि मी दिलेली उत्तरं इथे एकत्र केली आहेत. फंक्शनची नावं वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत, तोडून लिहिली आहेत.

मुळात अडचण काय आहे? रुंदी हवी असेल तर मोजावी आणि वापरावी.

वन-वे डेटा फ्लोमध्ये सगळं वरून खाली जातं. स्टेट (कंपोनंटने लक्षात ठेवलेली माहिती) बदललं की त्यातून प्रॉप्स (आतल्या कंपोनंटला दिलेली माहिती) ठरतात, प्रॉप्सवरून रेंडर होतं (काय दिसावं ते ठरतं) आणि शेवटी डॉम (ब्राउझरने सांभाळलेली पानाची रचना) बदलतो. डिव्ह (पानावरचा डबा) नेमका किती उंच झाला हे मात्र त्याच्याही नंतर कळतं, ब्राउझरने फॉन्ट, ओळी आणि पॅडिंगचा हिशेब लावल्यावर. आणि आपल्याला तो आकडा हवा असतो रेंडर करतानाच. पंगत बसल्यावर पानं मोजायची आणि मग भात किती टाकायचा ते ठरवायचं, असा हा उलटा कारभार.

ही शिस्त आली कुठून हे माहीत असलेलं बरं. रिॲक्ट २०१३ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं, २०१४ मध्ये फेसबुकने फ्लक्स ही माहिती एकाच दिशेने नेण्याची पद्धत मांडली आणि २०१५ मध्ये स्टेट एकाच स्टोअरमध्ये ठेवणारं रिडक्स आलं. फ्लक्स समजावताना दिलेलं उदाहरण चॅटचं होतं: न वाचलेल्या मेसेजचा आकडा दिसायचा, उघडून बघावं तर नवं काहीच नसायचं, आणि दुरुस्त केलेला हा बग पुन्हा डोकं वर काढायचा. एकच गोष्ट दोन-तीन ठिकाणी नोंदवली की त्या नोंदी एकमेकींशी जुळेनाशा होतात. मोजलेल्या उंचीचं हेच आहे. खरी उंची डॉमकडे असते, आपल्याकडे असते ती तिची नक्कल, आणि नक्कल शिळी होते.

मग माप हे स्टेट मानायचं की नाही?

मी त्याला क्लिकसारखं मानतो. वापरणाऱ्याने बटण दाबलं ही बाहेरून आलेली बातमी असते, तशीच ‘हा डिव्ह आता ४१२ पिक्सेल रुंद आहे’ ही ब्राउझरकडून आलेली बातमी. बातमी आली की तिच्यावरून आपण काहीतरी ठरवतो, ते स्टेटमध्ये जातं आणि प्रवाह पुन्हा वरून खाली सुरू होतो. असं पाहिलं तर दिशा कुठेच मोडत नाही.

एल्म भाषेत हे फार स्वच्छ दिसतं. तिथे काय दिसावं ते ठरवणाऱ्या व्ह्यू फंक्शनला डॉमला हात लावायची सोयच नाही. एखाद्या घटकाचं माप हवं असेल तर त्याचा आयडी देऊन एक टास्क सोडायचं, उत्तर मेसेज म्हणून स्टेट बदलणाऱ्या अपडेट फंक्शनकडे येतं. त्या आयडीचा घटक पानावर नसेल तर उत्तराऐवजी एरर येते आणि तीही हाताळावीच लागते. रिॲक्ट एवढं कडक नाही, रेफमधून (डॉममधल्या घटकाकडे थेट नेणारा दुवा) वाटेल तेव्हा आकडा वाचता येतो. त्या मोकळिकीनेच आपण बेसावध होतो.

रेंडर होत असतानाच रेफमधून रुंदी वाचली तर?

पहिल्या वेळी रेफ रिकामा असतो. त्यानंतर मिळते ती मागच्या रेंडरची रुंदी, म्हणजे गेल्या वर्षीच्या मापाने यंदाचा सदरा शिवल्यासारखं. शिवाय एखादं रेंडर रिॲक्ट अर्ध्यावर टाकून देऊ शकतं किंवा पुन्हा चालवू शकतं. तेव्हा नको.

यूज-इफेक्ट वापरू की यूज-लेआउट-इफेक्ट?

दोन्ही रिॲक्टचे हुक आहेत, म्हणजे कंपोनंटमध्ये वापरायची तयार फंक्शनं; त्यांना दिलेला कोड, म्हणजे इफेक्ट, रेंडरनंतर चालतो. ज्या मापामुळे पडद्यावरची जागा किंवा आकार बदलणार आहे, त्यासाठी यूज-लेआउट-इफेक्ट. रेंडर झालं की रिॲक्ट डॉममध्ये बदल करतं, मग लेआउट-इफेक्ट चालतात, त्यानंतर ब्राउझर चित्र उमटवतो, आणि साधे इफेक्ट सहसा त्याच्याही नंतर चालतात. लेआउट-इफेक्टमध्ये सेट-स्टेट केलं तर रिॲक्ट तिथल्या तिथे, चित्र उमटण्याआधी, पुन्हा रेंडर करतं. आधीची चुकीची अवस्था वापरणाऱ्याला दिसतच नाही.

टूलटिपचं उदाहरण घेऊ. बटणाची वरची कड पडद्याच्या वरच्या टोकापासून २० पिक्सेलवर आहे आणि टूलटिप बटणाच्या वर दाखवायची आहे. पहिल्या रेंडरला तिची उंची माहीत नाही, म्हणून शून्य धरून वरच ठेवली. लेआउट-इफेक्टमध्ये मोजली, ३६ भरली. वीसमधून छत्तीस गेले की उणे सोळा, म्हणजे वर जागा नाही. उंची स्टेटमध्ये ठेवली, पुन्हा रेंडर झालं, या वेळी टूलटिप बटणाखाली गेली. आता पडद्यावर चित्र उमटलं. हेच यूज-इफेक्टमध्ये केलं असतं तर टूलटिप आधी वर चमकून मग खाली उडी मारताना दिसली असती.

यात एक गोम आहे. क्लिकसारख्या थेट कृतीमुळे बदल झाला असेल तर रिॲक्ट १८ पासून साधा इफेक्टही चित्र उमटण्याआधी चालू शकतो. त्यामुळे ‘माझ्याकडे तर यूज-इफेक्टने फ्लिकर येत नाही’ असं कुणी म्हणालं तर तो खोटं बोलत नसतो. तोच कंपोनंट नेटवर्कवरून उत्तर आल्यावर उघडून बघायला सांगा.

पण दोनदा रेंडर म्हणजे दुप्पट काम झालं ना?

झालं, पण कुणाचं ते बघा. मोजमापाचं स्टेट टूलटिपच्या आत असेल तर फक्त टूलटिप दोनदा रेंडर होते. तेच स्टेट पानाच्या माथ्यावर ठेवलं तर सगळं पान. तेव्हा माप जितकं खाली ठेवता येईल तितकं खाली ठेवा.

मोजल्याशिवाय भागणारच नाही का?

खरं तर हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा. मी आजवर लिहिलेल्या मोजमापाच्या कोडपैकी बराचसा नंतर स्वतःच पुसला आहे.

रांगेतली कार्डं सारख्या उंचीची हवीत? ते सीएसएस ग्रिड स्वतः करतं. चित्राची उंची रुंदीच्या प्रमाणात हवी? ॲस्पेक्ट-रेशो. साइडबारमध्ये असताना कार्ड उभं आणि मुख्य स्तंभात असताना आडवं हवं? त्यासाठी कंटेनर क्वेरी आहेत. क्रोमने त्या ऑगस्ट २०२२ मध्ये १०५व्या आवृत्तीत आणल्या, सफारी १६ मध्ये आणि फायरफॉक्स ११० मध्येही आल्या, म्हणजे फेब्रुवारी २०२३ पासून तिन्ही प्रमुख ब्राउझरमध्ये आहेत. अकॉर्डियन (दाबल्यावर उलगडणारा मजकूर) उघडताना उंची हळूहळू वाढवायची असेल तर ग्रिडची रांग शून्य एफआरवरून एक एफआरवर (मोकळ्या जागेतला वाटा सांगणारं एकक) नेली की भागतं, पिक्सेल कळावे लागत नाहीत. वरच्या टूलटिपसाठीसुद्धा क्रोम १२५ पासून अँकर पोझिशनिंग (एक घटक दुसऱ्याच्या आधाराने बसवणं) आहे.

मोजणं खरंच लागतं ते चार्ट किंवा कॅनव्हास काढताना, प्रचंड मोठ्या यादीतल्या दिसणाऱ्या ओळीच रेंडर करताना, आणि मजकूर मावला की नाही यावर दुसरं काही दाखवायचं असेल तेव्हा.

माप रिडक्सच्या स्टोअरमध्ये ठेवू का?

शक्यतो नको. मी हे केलेलं आहे, म्हणून सांगतो.

एका कामात डावा पॅनेल किती रुंद आहे ते आम्ही स्टोअरमध्ये ठेवलं होतं, आणि स्टोअर ब्राउझरच्या लोकल-स्टोरेजमध्ये जपून ठेवायची सोयही होती. ऑफिसात मोठ्या मॉनिटरला लॅपटॉप जोडून काम करणारी मंडळी घरी जाऊन तोच लॅपटॉप उघडायची, आणि पॅनेल मॉनिटरच्या रुंदीचा! अर्धा पडदा त्यानेच व्यापलेला. बग शोधायला दोन दिवस गेले, कारण ऑफिसात तो कुणालाच दिसत नव्हता.

शिवाय खिडकीची कड ओढली की आकडा सतत बदलत राहतो. ६० हर्ट्झच्या पडद्यावर एका फ्रेमला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. त्यात प्रत्येक पिक्सेलला ॲक्शन (काय घडलं याची नोंद), रिड्यूसर (तिच्यावरून नवं स्टेट काढणारं फंक्शन) आणि सगळ्या सिलेक्टरची (स्टेटमधून हवं ते वाचणारी फंक्शनं) उजळणी. डेव्हटूल्समध्ये ॲक्शनची यादी उघडली तर कामाची एक ओळ शोधायला रुंदीच्या दोनशे ओळी ओलांडाव्या लागतात. आणि जुना प्रसंग पुन्हा चालवून बघावा तर तो जुन्या पडद्याच्या मापांसकट चालतो.

पण वापरणाऱ्याने स्वतः कड ओढून पॅनेल ३०० पिक्सेलचा केला असेल तर गोष्ट वेगळी. ते त्याने ठरवलेलं आहे, त्यामुळे ते खुशाल स्टोअरमध्ये जाऊ द्या. वाचताना मात्र आजच्या पडद्यात बसेल इतकं कापून घ्या. मोजलेल्या आकड्यातून निघालेला निर्णय वर लागत असेल, उदाहरणार्थ ‘दोन स्तंभ की तीन’, तर फक्त तो निर्णय वर पाठवा. स्तंभ दोनाचे तीन झाले तरच री-रेंडर होईल, ४१२चे ४१३ झाल्यावर नाही.

तीन ओळींनंतर मजकूर कापायचा आहे आणि कापला गेला असेल तरच ‘पुढे वाचा’ दाखवायचं आहे. कसं करू?

यावर जरा सविस्तर सांगतो, कारण मराठी मजकुरात याच्या खोड्या जास्त आहेत.

पहिला मोह असतो अक्षरं मोजण्याचा: १४० पेक्षा जास्त असतील तर बटण दाखवा. देवनागरीत हे लगेच फसतं. ‘स्त्री’ आपल्याला एक अक्षर दिसतं, जावास्क्रिप्टला ते सहा वाटतं. ‘स्वातंत्र्य’ वाचताना तीन अक्षरं, लांबी भरते अकरा. जोडाक्षरांनी भरलेली बातमी दोन ओळींत मावते आणि तरी मोजणीत १४०च्या वर जाते. त्यात कुणी त्या आकड्यावरच मजकूर कापला तर शेवटी पाय मोडलेलं अक्षर लटकतं ते वेगळंच.

तेव्हा कापायचं काम सीएसएसच्या लाइन-क्लॅम्पवर सोपवा आणि यूज-लेआउट-इफेक्टमध्ये फक्त एवढंच विचारा: स्क्रोल-हाइट (सगळ्या मजकुराची उंची) ही क्लायंट-हाइटपेक्षा (दिसणाऱ्या भागाची उंची) जास्त आहे का? उत्तर हो किंवा नाही. तेवढंच स्टेटमध्ये ठेवा, पिक्सेलचे आकडे नको.

आता खोड्या. पहिली: वापरणाऱ्याने ‘पुढे वाचा’ दाबलं की क्लॅम्प निघतो, दोन्ही उंच्या सारख्या होतात, पुढच्या मोजणीत उत्तर ‘नाही’ येतं आणि बटणच गायब होतं. ‘कमी दाखवा’ दाबायला काही उरतच नाही. म्हणून मोजायचं ते मजकूर मिटलेला असतानाच.

दुसरी ओळींच्या उंचीची. इंग्रजीच्या सवयीने लाइन-हाइट १.२ ठेवलेली असते. वर वेलांटी-रफार आणि खाली उकार यांच्यासाठी देवनागरी फॉन्ट ओळीत जास्त जागा मागतात, आणि काही फॉन्टमध्ये मजकूर पूर्ण मावलेला असूनही स्क्रोल-हाइट एक-दोन पिक्सेल जास्त भरते. बटण दिसतं, दाबलं तर काहीच उलगडत नाही. लाइन-हाइट १.५ च्या आसपास न्या आणि तुलनेत दोनेक पिक्सेलची सूट ठेवा. हे दोन्ही आकडे पूर्णांकात येतात, त्यामुळे ती सूट तशीही लागतेच.

तिसरीने मला खरंच छळलं. पान उघडतं तेव्हा मजकूर फोनमधल्या फॉन्टमध्ये दिसतो, क्षणभराने ‘मुक्त’ किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ हा फॉन्ट उतरतो आणि ओळी नव्याने पडतात. तीन ओळींचा मजकूर चार ओळींचा होतो. क्लॅम्प लावलेल्या डब्याची उंची मात्र तीन ओळींएवढीच राहते, म्हणून रिसाइझ-ऑब्झर्व्हर (घटकाचा आकार बदलला की कळवणारी ब्राउझरची सोय) चूप बसतो, कारण त्याच्या लेखी काही बदललंच नाही. मजकूर कापला गेला तरी बटण नाही. इलाज सोपा: डॉक्युमेंटच्या फॉन्ट्स-रेडी या प्रॉमिसची (फॉन्ट उतरले की ते कळवतं) वाट बघून पुन्हा एकदा मोजा. ऑफिसातल्या मशीनवर फॉन्ट आधीच कॅशमध्ये असतो, म्हणून हा बग फक्त नव्या वाचकाला दिसतो.

रिसाइझ-ऑब्झर्व्हर केव्हा वापरायचा?

माप एकदाच नको, बदलेल तसं हवं असेल तेव्हा. खिडकीचा रिसाइझ इव्हेंट पुरत नाही, कारण साइडबार मिटला किंवा मजकूर वाढला तरी घटकाचा आकार बदलतो आणि खिडकी असते तेवढीच. क्रोममध्ये रिसाइझ-ऑब्झर्व्हर ६४व्या आवृत्तीपासून, २०१८ पासून आहे, सफारीत २०२० साली १३.१ मध्ये आला. निरीक्षण सुरू केल्यावर पहिली खबर तो आपण होऊन देतो. इफेक्टच्या क्लीनअपमध्ये डिस्कनेक्ट करायला विसरू नका.

तो देतो तो कंटेंट-रेक्ट पॅडिंग आणि बॉर्डर वगळून असतो. ‘चोवीस पिक्सेल कुठे गेले’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा पॅडिंगमध्ये सापडतं. बाहेरचं माप हवं असेल तर बॉर्डर-बॉक्स-साइझ वाचा.

कन्सोलमध्ये ऑब्झर्व्हरच्या ‘लूप’ची एरर येते. काळजीचं कारण आहे का?

अधूनमधून येत असेल तर नाही. एका फ्रेममध्ये सगळ्या खबरा पोचवता आल्या नाहीत, उरलेल्या पुढच्या फ्रेममध्ये देतो, एवढंच ब्राउझर सांगतोय.

थांबतच नसेल तर मात्र तुम्ही ज्याचं माप घेताय त्याचाच आकार त्या मापाने बदलताय. नेहमीचा गुन्हेगार स्क्रोलबार. उभा स्क्रोलबार आला, रुंदी घटली, चार्ट लहान झाला, मजकूर मावला, स्क्रोलबार गेला, रुंदी वाढली, चार्ट मोठा झाला, स्क्रोलबार परत आला. पान थरथरत राहतं. स्क्रोलबार-गटर स्टेबल ठेवलं की जागा आधीच राखली जाते आणि थरथर थांबते. एरवी बाहेरचा डबा मोजा आणि आतल्याचा आकार बदला, तोच डबा दोन्ही कामांना वापरू नका. लेआउट-इफेक्टमध्ये असंच चक्र झालं तर रिॲक्ट ५० फेऱ्यांनंतर स्वतःच एरर देऊन थांबतं.

शंभर कार्डं मोजल्यावर पान अडखळतं.

बहुधा तुम्ही एक वाचता, एक लिहिता, पुन्हा वाचता. डॉममध्ये काही बदलल्यावर लगेच ऑफसेट-हाइट विचारली की ब्राउझरला हातातलं काम सोडून लेआउटचा हिशेब पुन्हा करावा लागतो. शंभर कार्डांना शंभर वेळा. आधी सगळी वाचून घ्या, मग सगळं लिहा. आणि शंभर ऑब्झर्व्हर बनवण्यापेक्षा एकच बनवून त्यालाच शंभर घटक द्या, खबरा एका गठ्ठ्यात येतात.

पॅरेंटला चाइल्डची उंची हवी आहे. हा प्रवाह उलटा नाही का होत?

नाही. पॅरेंटने (बाहेरच्या कंपोनंटने) प्रॉपमधून फंक्शन दिलं आणि चाइल्डने (आतल्याने) मोजून ते बोलावलं, तर ऑन-क्लिक आणि हे यात फरक नाही. उलटा होतो तो पॅरेंट चाइल्डच्या पोटात हात घालून क्लासच्या नावाने त्याचे डिव्ह शोधायला लागतो तेव्हा. चाइल्ड लिहिणाऱ्याने उद्या एक डिव्ह काढला की सगळं कोसळतं. आकडा खरंच बदलला असेल तरच सेट-स्टेट होईल एवढं बघा. नवीन ऑब्जेक्ट बनवून तेच आकडे वर पाठवले तर रिॲक्टला तो बदलच वाटतो.

ऑफसेट-विड्थ आणि गेट-बाउंडिंग-क्लायंट-रेक्ट वेगवेगळे आकडे देतात. खरा कुठला?

दोन्ही. पहिला पूर्णांकात येतो आणि ट्रान्सफॉर्म (सीएसएसने केलेलं लहान-मोठं करणं, फिरवणं) धरत नाही, दुसरा अपूर्णांकासकट येतो आणि ट्रान्सफॉर्म धरतो. मोडल (पानावर उघडणारी छोटी चौकट) ०.९ स्केलवरून १ वर येत असताना दुसऱ्याने मोजलं तर रुंदी दहा टक्के कमी भरते. ॲनिमेशन चालू असेल तर पहिला वापरा, पडद्यावरची नेमकी जागा हवी असेल तर दुसरा.

सर्व्हरवर रेंडर करताना?

सर्व्हरवर डॉम नाही, माप नाही, इफेक्टही चालत नाहीत. तिथून आलेलं एचटीएमएल वाचकाने बघितलेलं असतं, त्यामुळे हायड्रेशननंतर (त्या तयार एचटीएमएलला रिॲक्ट जोडलं गेल्यावर) मोजून केलेला बदल दिसणारच, लेआउट-इफेक्ट असला तरी. म्हणून माप नसतानाची अवस्था बरी दिसेल अशी ठेवा, जागा तेवढीच राखा.

चॅटमध्ये जुने मेसेज वर जोडले की वाचत असलेला मेसेज खाली सरकतो.

इथे बदल व्हायच्या आधीचं माप लागतं, आणि लेआउट-इफेक्ट तर बदलानंतर चालतो. क्लास कंपोनंटमध्ये यासाठी गेट-स्नॅपशॉट-बिफोर-अपडेट आहे, २०१८ साली रिॲक्ट १६.३ मध्ये आलेलं. डॉम बदलण्याच्या अगदी आधी ते स्क्रोल-हाइट टिपतं, बदलानंतर जेवढी वाढली तेवढं स्क्रोल-टॉप (वरून किती सरकलं तो आकडा) वाढवायचं. याला जुळणारा हुक अजून नाही. म्हणून या एका कामासाठी मी आजही क्लास लिहितो आणि रिव्ह्यूमध्ये ‘हे जुनं कशाला’ हा शेरा दर वेळी खातो.

टेस्टमध्ये सगळ्या उंच्या शून्य येतात. कोड चुकला का?

कोड बरोबर असेल. जेएसडॉम (टेस्टसाठीचा, ब्राउझरशिवाय चालणारा डॉम) लेआउट करतच नाही, म्हणून तिथे प्रत्येक डिव्ह शून्य बाय शून्य, आणि रिसाइझ-ऑब्झर्व्हरही तिथे नाही, तो खोटा बनवून द्यावा लागतो. उपयोगी पडते ती फोड: ‘वर २० पिक्सेल जागा, टूलटिप ३६ची, कुठे ठेवू?’ हे साधं फंक्शन वेगळं काढा आणि त्याला आकडे देऊन तपासा, तिथे डॉमचा संबंधच नाही. मोजणारा तुकडा खऱ्या ब्राउझरमध्ये, प्लेराइटसारख्या साधनाने तपासा. तपासताना कॅशे रिकामी ठेवा आणि मजकूर मराठीच घ्या. लोरेम इप्सम या लॅटिनछाप नमुना मजकुरात रफार नसतो.